दिवाळीत फॉरवर्ड होणारी ‘ती’ कोण? जुन्या चित्रांतल्या बायका त्यांच्या काळाबद्दल काय सांगतात

दिवाळी जवळ आली की एक चित्र हमखास तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. अंधारात उभी असलेली एक स्त्री. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला धरलेला. बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर प्रकाश आणि त्या प्रकाशात उजळलेला चेहरा. खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘राजा रविवर्मा यांचं अजरामर चित्र’.

ही माहिती चुकीची आहे. हे चित्र रविवर्मांचं नाही. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. सावंतवाडीत जन्मलेले हळदणकर पुढे मुंबईत नावाजलेले चित्रकार झाले. १९४०च्या दशकात त्यांनी जलरंगात हे चित्र काढलं. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखलं जातं आणि आज ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. रविवर्मा तर १९०६ मध्येच वारले होते.

पण चित्रकाराचं नाव दुरुस्त केलं तरी एक प्रश्न उरतोच. चित्रातली ती बाई कोण? ती हळदणकरांची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्यांचं कोल्हापुरात निधन झालं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की आपण इतकी वर्षं जिला बघतोय ती खरीखुरी बाई होती आणि आपल्या आसपास राहत होती.

आता जरा विचार करा. एका वडिलांनी आपल्या मुलीला समोर उभं करून तिचं चित्र काढलं, ते प्रदर्शनात लावलं, हजारो लोकांनी पाहिलं. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण हेच दीडशे वर्षांपूर्वी घडलं असतं का? आणि तेव्हा घडत नसेल, तर त्या काळातल्या चित्रांमध्ये ज्या बायका दिसतात त्या कोण होत्या?

या प्रश्नाच्या मागे लागलं की जुन्या चित्रांमधून त्या काळचा समाज दिसायला लागतो. कसा ते बघू.

चित्र काढून घेणं सोपं नव्हतं

आज सेल्फी काढायला दोन सेकंद लागतात. कॅमेरा यायच्या आधी व्यक्तिचित्रासाठी चित्रकारासमोर तासन् तास बसावं लागायचं, तेही अनेक दिवस. चित्रकार बहुतेक वेळा पुरुष आणि परका. म्हणजे एका परक्या पुरुषाने एका बाईकडे तासन् तास टक लावून बघायचं.

जिथं मोठ्या घरातल्या बायका पडद्यात किंवा घुंगटात राहत होत्या, तिथं हे जवळपास अशक्य होतं. मुघल दरबारातल्या पुरुषांची चित्रं पाहिली की चेहरे वेगवेगळे ओळखू येतात. कुणाचं नाक मोठं, कुणाची हनुवटी पुढे आलेली. पण जनान्यातल्या स्त्रियांच्या चित्रांमध्ये बऱ्याचदा एकच साचा दिसतो. लांब डोळे, धारदार नाक, बारीक कंबर. कारण चित्रकाराला त्या बाईला बघण्याची मुभाच नसायची. तो ‘सुंदर स्त्री कशी असते’ याची ठरलेली कल्पना रंगवायचा.

थोडक्यात, ज्या बाईची प्रतिष्ठा जास्त, तिचा खरा चेहरा चित्रात यायची शक्यता कमी. हे उलटं गणित लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

गायिका झाली राधा

मग चित्रकारांना खरा चेहरा बघायला कुठं मिळायचा? जिला लोकांसमोर येण्याची मोकळीक होती, किंवा जिला यावंच लागायचं, तिच्याकडे. म्हणजे गाणारी, नाचणारी.

राजस्थानातल्या किशनगढचं ‘बणी ठणी’ हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. कमानीसारख्या भुवया, कमळाच्या पाकळीसारखा डोळा, टोकदार नाक. काही जण त्याला ‘भारताची मोनालिसा’ म्हणतात. अठराव्या शतकातलं हे चित्र निहालचंद या चित्रकाराचं मानलं जातं. १९७३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यावर तिकीटही काढलं. तिकिटावर नाव होतं ‘राधा’.

पण बणी ठणी हे राधेचं नाव नाही. त्याचा अर्थ ‘नटलेली-सजलेली’. किशनगढचा राजा सावंतसिंग याच्या राजवाड्यात एक गायिका होती, तिला लोक या नावाने ओळखायचे. सावंतसिंग तिच्या प्रेमात पडला. पुढे राज्य सोडून तो वृंदावनला गेला तेव्हा तीही त्याच्यासोबत होती. तिचंच रूप समोर ठेवून किशनगढच्या राधेचा चेहरा घडला, असं मानलं जातं.

राजघराण्यातल्या राणीचा चेहरा राधेला मिळाला नाही, कारण तो कुणाला बघताच येत नव्हता. तो मिळाला दरबारातल्या गायिकेचा.

राण्या की नर्तकी?

या समजुती किती पक्क्या होत्या याचं एक उदाहरण म्हैसूरमध्ये सापडतं.

१८०५च्या सुमाराला थॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने म्हैसूरमध्ये तीन भारतीय स्त्रियांचं मोठं तैलचित्र रंगवलं. दागिन्यांनी मढलेल्या तिघी जणी, उभ्या, थेट समोर. कितीतरी वर्षं हे चित्र नर्तकींचं किंवा गणिकांचं समजलं जात होतं. एका गोऱ्या पुरुषासमोर अशा उभ्या राहणाऱ्या भारतीय बायका दुसऱ्या कोण असणार, असा तो हिशोब.

नंतर इतिहासकार नायजेल चान्सलर यांनी वेगळीच मांडणी केली. त्यांच्या मते या म्हैसूरच्या वाडियार राजघराण्यातल्या स्त्रिया आहेत. उजवीकडची देवाजम्मणी म्हणजे राजा कृष्णराज वाडियार तिसरे यांची नवी राणी. लग्नाच्या वेळी ती आणि राजा, दोघंही बारा वर्षांचे. तिने साडीचा पदर असा धरलाय की डावा दंड दिसावा. चान्सलर म्हणतात, तिला देवीची लस टोचली होती ती तिथंच.

तेव्हा देवीच्या साथीने माणसं पटापट मरायची. एडवर्ड जेन्नरने शोधलेली लस १८०२ मध्ये भारतात पोहोचली होती. पहिली लस मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. पण ही लस गाईच्या देवीपासून बनलेली, परक्या लोकांनी आणलेली आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारी. लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. राणीने टोचून घेतलं हे दिसलं तर प्रजाही टोचून घेईल, यासाठी हे चित्र काढवून घेतलं असावं, असा चान्सलर यांचा तर्क आहे.

सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. पण तर्क खरा असेल, तर ही आपल्याकडची लसीकरणाची सगळ्यात जुन्या जाहिरातींपैकी एक म्हणावी लागेल. आणि त्यातल्या ‘मॉडेल’ म्हणून उभ्या राहिलेल्या राण्यांना पुढे अनेक वर्षं नर्तकी समजलं गेलं, कारण खानदानी बाई अशी उभी राहील हे बघणाऱ्याच्या डोक्यातच बसत नव्हतं.

रविवर्मा आणि साडीतली ‘भारतीय स्त्री’

आता येऊ राजा रविवर्मांकडे. १८४८ मध्ये त्रावणकोरमधल्या किळिमानूरला त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी मद्रासच्या प्रदर्शनात एक चित्र मांडलं. विषय होता केसांत फुलांची माळ घालणारी नायर स्त्री. त्याला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्याचं कौतुक झालं.

राणी नाही, देवी नाही. घरात शृंगार करणारी एक स्त्री. पण ती साध्या घरातली नव्हती. तिचं वस्त्र, तिचे दागिने पाहिले की वरच्या थरातली आहे हे कळतं. रविवर्मांच्या त्रावणकोरमध्ये कुणी किती अंग झाकायचं हेही जातीवर ठरत होतं. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या बायकांना छाती झाकायला बंदी होती. नाडर स्त्रियांनी त्यासाठी अनेक वर्षं संघर्ष केला. १८५९ मध्ये राजाला जाहीरनामा काढून त्यांना अंग झाकायची परवानगी द्यावी लागली. त्यातही अट होतीच की वरच्या जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही. रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांच्या पदक मिळवणाऱ्या चित्रांत नाडर बाई नाही. कोण चित्रात नाही, हेसुद्धा चित्र सांगतंच.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांवर १४ चित्रं काढायचं काम दिलं. इथं एक अडचण आली. सीता, द्रौपदी, दमयंती यांना नेसवायचं काय? केरळमध्ये मुंडू, उत्तरेत घागरा, महाराष्ट्रात नऊवारी. साऱ्या देशाला ‘आपली’ वाटेल अशी बाई कशी दाखवायची? रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा वेगवेगळ्या प्रांतांत फिरले, पोशाख पाहिले आणि शेवटी साडी निवडली.

आज लक्ष्मी आणि सरस्वती डोळ्यांसमोर आणा. साडीतच दिसतात ना? आपल्याला वाटतं देवी पहिल्यापासून अशाच होत्या. पण अजिंठ्याची भित्तिचित्रं किंवा जुन्या मंदिरांवरची शिल्पं आठवली तर लक्षात येईल की तिथल्या देवी आणि राण्या अशा साडीत नाहीत. साडी हाच सगळ्या भारतीय स्त्रियांचा पोशाख, ही कल्पना घट्ट होण्यात रविवर्मांच्या चित्रांचा मोठा वाटा आहे, असं अनेक अभ्यासक मानतात.

१८८९च्या सुमाराचं त्यांचं ‘गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स’ हे चित्रही याच काळातलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, धर्मांतल्या अकरा स्त्रिया आपापल्या वेषात एकत्र बसल्या आहेत. काहींच्या हातात वाद्यं आहेत. देश एक आहे ही भावना तेव्हा नुकती जोर धरत होती. काँग्रेसची स्थापना झाली १८८५ मध्ये. देश एकत्र कसा दिसेल, याचं चित्र बायकांचे पोशाख शेजारी शेजारी मांडून काढलं गेलं. प्रत्यक्षात मात्र या अकरा जणी एका खोलीत, एका सतरंजीवर बसल्या असत्या का, हा प्रश्नच आहे.

देवीचा चेहरा कुणाचा?

रविवर्मांची चित्रं राजवाड्यातच राहिली असती, तर हा सगळा इतिहास मूठभर लोकांपुरता राहिला असता. पण आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं की चित्रांच्या छापील प्रती काढा. माधवराव तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले. १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवायला घेतला.

या छापखान्यामुळे लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात घराघरांत पोहोचल्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देवी आली.

आता तेच उलटं गणित आठवा. मुंबईत स्टुडिओ थाटून बसलेल्या रविवर्मांसमोर मॉडेल म्हणून बसणार कोण? खानदानी घरातली बाई येणं शक्यच नव्हतं. रविवर्मांचे चरित्रकार गोव्याकडच्या राजीबाई मुळगावकर यांचं नाव घेतात. गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याबद्दलही असंच सांगितलं जातं. दोघीही गाणाऱ्या. अंजनीबाई गोव्याच्या कलावंत घराण्यातल्या, भेंडीबाजार घराण्याची तालीम घेतलेल्या. पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

देवदासी आणि कलावंत समाजातल्या बायकांना तेव्हाचा ‘सभ्य’ समाज आपल्या घरात, पंगतीत, लग्नकार्यात मानाने घेत नव्हता. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी म्हणून मुली वाहण्यावर कायद्याने बंदी आली, इतका तो प्रश्न गंभीर होता. आणि त्याच काळात अशाच बायकांच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून घडलेल्या नायिका आणि देवी घराघरांत पोहोचत होत्या. चित्राला हळदकुंकू लागत होतं. जिच्यावरून चित्र काढलं, तिला हळदीकुंकवाला बोलावलं जात नव्हतं.

‘बाबा आले!’

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी रविवर्मांनी दहा चित्रं पाठवली. त्यात मुख्यतः देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या स्त्रिया होत्या. त्यातलं एक चित्र म्हणजे ‘हिअर कम्स पापा’, म्हणजे ‘बाबा आले!’

पांढऱ्या वस्त्रातली एक तरुण आई कडेवर बाळाला घेऊन उभी आहे. ती एका बाजूला बोट दाखवून बाळाला काहीतरी सांगते आहे. बाजूला कुत्रा आहे. ज्याची वाट बघणं चाललंय तो बाप मात्र चित्रात कुठंच नाही. ही आई म्हणजे रविवर्मांची मुलगी महाप्रभा, आणि कडेवर तिचं बाळ.

आपल्याला हे अगदी साधं घरगुती चित्र वाटेल. पण केरळमध्ये तेव्हा ते तितकं साधं नव्हतं. रविवर्मांच्या घराण्यात आणि नायर समाजात ‘मरुमक्कत्तायम्’ ही पद्धत होती. वंश आईकडून चालायचा. मुलं आईच्या घरी, म्हणजे ‘तरवाडा’त वाढायची. घराचा कारभार मामाकडे असायचा आणि वारसाही मामाकडून भाच्यांकडे जायचा. बाप हा घराचा केंद्रबिंदू नव्हताच.

इंग्रजी अंमलात मात्र या पद्धतीवर टीका सुरू झाली होती. शिकलेल्या नायर तरुणांना नवरा-बायको-मुलं असं ‘आधुनिक’ कुटुंब हवं होतं. ब्रिटिश मलबारमध्ये १८९६ मध्ये विवाहाचा कायदाही आला. जी. अरुणिमा यांच्यासारख्या इतिहासकारांनी हे चित्र याच बदलाच्या संदर्भात वाचलं आहे. जिथं घर आईचं होतं तिथं आता सगळ्यांचे डोळे बापाच्या वाटेकडे लागलेत, असं हे चित्र सांगतं.

या गोष्टीला पुढे एक वळण आलं. महाप्रभाची मुलगी सेतू लक्ष्मीबाई १९०० मध्ये त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेली. १९२४ ते १९३१ या काळात तिनेच त्रावणकोरचा कारभार सांभाळला. आणि नायरांच्या जुन्या मातृवंशीय कुटुंबांची वाटणी करायला वाट मोकळी करणारा १९२५चा कायदा तिच्याच कारकिर्दीत झाला. आईच्या चित्रात जे सूचित झालं होतं, ते मुलीच्या राज्यात कायद्यात उतरलं.

नाव नाही, फक्त जात आणि प्रांत

आता मुंबईत परत येऊ. महादेव विश्वनाथ धुरंधर हे मूळचे कोल्हापूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथंच अनेक वर्षं शिकवलं. पोस्टरं, पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं, सगळं त्यांनी काढलं. ओटो रॉथफिल्ड या आयसीएस अधिकाऱ्याने १९२०च्या सुमाराला ‘विमेन ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रं धुरंधरांची आहेत.

या चित्रांत राणीपासून मजूर बाईपर्यंत सगळ्या दिसतात. नेसणं, दागिने, डोक्यावरचा पदर, चालण्याची ढब, सगळं बारकाईने टिपलेलं. त्या काळात कोणती बाई काय नेसायची हे शोधायचं असेल तर आजही ही चित्रं उपयोगी पडतात.

पण चित्रांखालची ओळ वाचली की एक गोष्ट खटकते. तिथं बाईचं नाव नाही. तिची जात, प्रांत किंवा काम आहे. ही इंग्रजांची बघण्याची पद्धत होती. जनगणना, जातींच्या नोंदी, नमुन्यांचे फोटो, असं करत त्यांनी देशाचे कप्पे पाडले आणि बाई त्या कप्प्याचा नमुना झाली. चित्रकार आपलाच होता, बारकावे आपलेच होते. पण पुस्तक कुणासाठी आहे, यावर चित्राखाली काय लिहायचं ते ठरलं.

याच धुरंधरांच्या घरात दुसरीही गोष्ट घडत होती. त्यांची मुलगी अंबिका वडिलांच्या स्टुडिओत वाढली, जे. जे.मध्ये शिकली आणि तिथून पदविका घेणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक झाली. जे. जे.ची स्थापना १८५७ची. अंबिकाबाईंची पिढी शिकून बाहेर पडली १९३०च्या आसपास. मधली जवळपास सत्तर वर्षं बायका चित्रात होत्या, पण चित्र काढणाऱ्या बाजूला क्वचितच.

घरातली मुलगी समोर उभी राहिली

गीता हळदणकर दिवा घेऊन वडिलांसमोर उभ्या राहिल्या, त्याच्या मागे हा सगळा रस्ता आहे. तोपर्यंत मुली शाळा-कॉलेजात जात होत्या. १९३०च्या सविनय कायदेभंगात आणि १९४२च्या चळवळीत बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीचा चेहरा लोकांनी बघितला तर घराण्याची अब्रू जाते, ही भीती कमी झाली होती.

त्या कित्येक तास हातात दिवा धरून उभ्या राहिल्या. जलरंगात चूक झाली तर पुसता येत नाही, त्यामुळे त्यांचं स्थिर उभं राहणंही त्या चित्राचा भाग आहे.

तरी एक लक्षात घ्या. या चित्रातही ती स्त्री दिवा जपणारीच आहे. पारंपरिक नेसणं, शांत चेहरा, घराचा उजेड हातात. घरातली मुलगी चित्रात आली, ती ‘गृहलक्ष्मी’च्या रूपात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या समाजाला बाई शिकलेली, मोकळी हवी होती आणि तरीही तीच दिव्याला जपणारी हवी होती. आजही दिवाळीला आपण हेच चित्र निवडतो, यावरून आपल्याबद्दलही काही कळतं.

ब्रश बाईच्या हातात आला तेव्हा

याच्या दहा वर्षं आधी, १९३५ मध्ये, एका बावीस वर्षांच्या मुलीने वेगळंच चित्र काढलं होतं. अमृता शेरगिल. आई हंगेरियन, वडील पंजाबातले सरदार, शिक्षण पॅरिसमध्ये. चित्राचं नाव ‘थ्री गर्ल्स’.

तीन मुली शेजारी शेजारी आहेत. मागे काहीच नाही. ना महाल, ना बाग, ना आरसा. कुणीही आपल्याकडे बघत नाही. कुणी नटत नाही, कुणी वाट बघत नाही, कुणी दिवा धरलेला नाही. त्या गप्प आहेत, आणि आपल्या पुढ्यात जे काही वाढून ठेवलंय ते आपण ठरवलेलं नाही हे त्यांना माहीत असावं, असं वाटत राहतं.

१९२९च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ केलं होतं, पण घराघरांत बालविवाह सुरूच होते. शेरगिलने १९३६ मध्ये बालवधूचंही चित्र काढलं. रविवर्मांच्या नायिकांना दुःख झालं तर ते शकुंतला-दमयंतीचं असायचं, पुराणातलं, सुंदर. शेरगिलच्या मुलींचं दुःख आजूबाजूचं होतं.

१९३७ मध्ये ‘थ्री गर्ल्स’ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे मुंबईतल्या प्रेक्षकांनी ते स्वीकारलं. १९४१ मध्ये अवघ्या २८व्या वर्षी लाहोरला शेरगिल गेल्या. २०२३ मध्ये त्यांचं ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र लिलावात ६१.८ कोटी रुपयांना विकलं गेलं, तेव्हा तो भारतीय चित्रकलेतला विक्रम होता.

हेही खरं की शेरगिल यांना हे करता आलं ते त्यांच्या घरच्या पैशामुळे आणि मोकळीकीमुळे. त्यांच्या चित्रांतल्या गावाकडच्या बायकांच्या हातात ब्रश नव्हताच. म्हणून बाईने काढलं की चित्र आपोआप खरं होतं, असं नाही. पण कुठे उभं राहून बघायचं ती जागा बदलली आणि त्याबरोबर चित्रातल्या बाईचं काम बदललं. तिला आता कुणासाठी सुंदर दिसायचं नव्हतं.

पुढच्या वेळी चित्र बघताना

जुन्या चित्रातली बाई म्हणजे त्या काळच्या बायकांचा फोटो नव्हे. त्या काळाला बाई कशी हवी होती आणि कोणत्या बाईला बघायची परवानगी होती, हे ते चित्र सांगतं. म्हणून कुठलंही चित्र समोर आलं की चार प्रश्न विचारून बघा.

पहिला, चित्राचे पैसे कुणी दिले? राजाने, कंपनीने, छापखान्याने, की कुणीच नाही?

दुसरा, समोर कोण बसलं होतं? राणी, गायिका, मजूर बाई, की चित्रकाराची मुलगी?

तिसरा, ब्रश कुणाच्या हातात होता?

आणि चौथा, सगळ्यात सोपा. खाली तिचं नाव आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येईल. राधेखाली बणी ठणीचं नाव नव्हतं. म्हैसूरच्या राण्या नर्तकी ठरल्या. देवीच्या तसबिरीखाली राजीबाईंचं नाव येणं शक्यच नव्हतं. धुरंधरांच्या मजूर बाईचं नाव कुणी विचारलंच नाही.

ही यादी आपल्याला मागे जाऊन बदलता येणार नाही. पण एक दुरुस्ती हातातली आहे. येत्या दिवाळीला ते दिव्याचं चित्र ग्रुपवर येईल, तेव्हा खाली एवढंच लिहा: चित्रकार सावळाराम हळदणकर, चित्रात गीता.